काचेपलीकडची शीळ

त्या संध्याकाळीही धारवाला नेहमीसारखाच घरी आला. आधी शीळ आली, मागून तो.

शीळ कोपऱ्यावरून यायची. खालून वर चढणारी एक लांब ओढ, मध्ये श्वासापुरती जागा, मग दोन आखूड ठिपके आणि शेवटी सावकाश उतरणारा सूर, फिरत्या दगडावर पातं हलकेच टेकावं तसा. दिवसा ही शीळ ऐकली की गल्लीगल्लीतून माणसं सुऱ्या-कात्र्या घेऊन बाहेर यायची. संध्याकाळी ऐकली की त्याची लेक हातातलं पुस्तक उपडं ठेवून दार उघडायची. ती ग्रंथपाल होती. पुस्तक उपडं ठेवू नये हे दिवसभर इतरांना सांगायची आणि घरी रोज स्वतःच तसं करायची.

"ऐकू आलं का?" सायकल भिंतीला टेकवत त्यानं विचारलं.

हेही तो रोज विचारायचा. ती कधी उत्तर देत नसे. दार उघडलं होतं, म्हणजे ऐकू आलंच होतं. त्यात सांगायचं काय?

त्या दिवशी स्वारी खुशीत होती. पाय धुताधुताच त्यानं सुरुवात केली, "काम फत्ते! डब्यावरच्या चित्राची नोंद होते, नावाची होते, तशी आवाजाचीही होते. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयात गेलो आणि शीळ देऊन आलो."

"देऊन आलात म्हणजे? पुडीत बांधून?"

"चेष्टा कर तू. तिथंच यंत्रात भरून घेतली त्यांनी. पूर्वी म्हणे बाहेरून भरून न्यावी लागायची. आता सुधारणा झाल्यात. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे बाई. हॉलमध्ये बाजार भरलेला, डोक्यावर पंखा किंचाळतोय. पण बाईचा शब्द न् शब्द कानाशी बोलल्यासारखा. समोरच्या माइकमध्ये घातली शीळ. तिच्या पडद्यावर हिरवी खूण आली, की पुढचा नंबर!"

"मग आता तुमच्या पट्टशिष्याची पंचाईत. तीच शीळ घालत हिंडतो ना तो?"

बाबा हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात उत्तर राहून गेलं. अलीकडे त्याला फार लवकर धाप लागायची.

सकाळी चहा निवला तरी तो उठला नाही.

*

महिना उलटला आणि कार्यालयाकडून निरोप आला. अर्जासोबत ध्वनी आढळत नाही. सुनावणीला हजर राहून खुलासा करावा.

लेक तो निरोप घेऊन एका जिन्याशी आली. वर खासगी तपासाची पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणीच घेत नसे. तिथल्या बाईसोबत तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ काम करायचा. तो तिला वहिनी म्हणायचा. म्हणून पोलिसांपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनी आणि तो सगळ्यांचा भावजी.

"बस," वहिनी म्हणाली. "आधी पाणी पी. मग चोर सांग."

"चोर आहे हे कसं ओळखलंत?"

"पर्स दोन्ही हातांनी धरलीयस. ज्याचं आधीच काहीतरी गेलेलं असतं तो असं धरतो."

बाबांनी त्या संध्याकाळी सांगितलेलं सगळं, किंचाळत्या पंख्यासकट, सांगून लेकीनं फोन टेबलावर ठेवला. कार्यालयानं ध्वनीची प्रत दिली होती. तिनं ती लावली.

शांतता. बराच वेळ नुसती शांतता. आणि मग अगदी स्पष्ट, जरा दमलेला, म्हातारा आवाज: "ऐकू आलं का?"

संपलं.

भावजींनी मांडीवर थाप मारली. "उघड आहे! शीळ पुसली आणि घाईत शेवटचं वाक्य राहून गेलं."

"पुन्हा लाव," वहिनी म्हणाली. यावेळी तिनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "पंखा किंचाळत होता म्हणाले होते ना बाबा?"

"हो."

"हं."

"वहिनी, पंख्याचं काय? चोराचं बोला," भावजी म्हणाले.

लेकीनं चोराचं सांगितलं. बाबाचा तो पट्टशिष्य, त्याला सगळे धाकटा म्हणत. बाबाच्या हाताखाली शिकला, मग वेगळी सायकल घेतली आणि त्याच गल्ल्यांत तीच शीळ घालू लागला. "बाबा म्हणायचे, शीळ चोरीला चाललीय. आणि त्या दिवशी धाकटा त्यांच्यासोबत कार्यालयात होता. शेजारच्यांनी पाहिलंय. बाबा गेल्यापासून त्यानं शीळ घालणं बंद केलंय; दारं ठोठावत फिरतो. मन खात असल्याशिवाय कुणी असं करतं?"

"सुनावणीत ध्वनी दिला नाही तर?"

"अर्ज रद्द. मागे एका कंपनीचा अर्ज रांगेत आहे. त्यांची धार लावायची मोटारगाडी फिरते, कर्ण्यावर बाबांच्या शिळेसारखंच काहीतरी वाजवत. मग ती धून त्यांची." ती थांबली. "पण मला खरं तर नोंदीचंही नाही. घरात बाबांची शीळ कुठंच नाही. रोज दारात येणारी गोष्ट कोण साठवून ठेवतं? मला वाटलं होतं, निदान सरकारजवळ तरी आहे."

भावजींनी उगाच चष्मा पुसला. वहिनी उठली. "चला. सरकारला विचारू."

*

जिना चढून गेल्यावर हॉलमध्ये खरोखरच बाजार भरला होता. टोकन पुकारणारी घंटा, रडणारं पोर, खुर्च्यांची फरफट आणि वर तो पंखा, शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा. काचेमागे काउंटरवरची बाई कानांवर हेडफोन चढवून पडद्यात डोकं घालून बसली होती. अर्जांवर शिक्के मारत होती. हात जोरजोरात आपटताना दिसत होता. काचेवरच्या स्पीकरमधून मात्र काही येत नव्हतं.

भावजी माइकपाशी गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. बाई ढिम्म. पुन्हा वाजवली, दणदणीत. मागच्या रांगेतली चार माणसं वळली, बाई नाही.

"अहो बाई!"

"बोला ना," बाईनं लगेच मान वर केली. तिचा आवाज लोण्यासारखा आला. "ओरडू नका, मला छान ऐकू येतं."

"टाळ्या वाजवून हात लाल झाले माझे!"

"कधी वाजवल्यात?"

भावजी वहिनीकडे वळून पुटपुटले, "सरकारी कान!" वहिनी मात्र छताकडे बघत होती.

धारवाल्याचं नाव निघताच बाईचा चेहरा बदलला. गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. "अगं बाई... कसे गोड होते. उपकरण नव्हतं त्यांच्याकडे. म्हटलं, परत कुठं पाठवायचं धाप लागलेल्या माणसाला? इथंच भरा म्हटलं. तशी सोय आहे आता."

"शीळ कशी होती?" वहिनीनं विचारलं.

बाईनं शिक्का उचलला, खाली ठेवला. "चांगली होती की."

"लांब की आखूड?"

"हिरवी खूण आली होती," बाई म्हणाली. "आवाज मिळाला की खूण येते. पूर्वी भरलेलं अर्जदाराला परत ऐकवायचो. रांग फार वाढायची. आता खूण आली की पुढचा नंबर."

"मी शिळेबद्दल विचारलं."

"पुढचं टोकन लागलंय हो," बाई कसंबसं म्हणाली आणि पडद्याआड गेली.

"हिनंच पुसली!" जिन्यात भावजी म्हणाले. "पाहिलंत, कशी चाचरली?"

"चाचरली खरी. पण कशाला, ते अजून बघायचंय."

वरच्या मजल्यावर परीक्षक बसत. सडसडीत, इस्त्रीचे, टेबलावर दोनच वस्तू आणि दोन्ही सरळ रेषेत. अर्ज तपासणं त्यांचं काम. आणि कार्यालयाच्या सेवा सुधारणेचे प्रमुखही तेच. या दुसऱ्या कामाबद्दल त्यांना बोलतं करावं लागलं नाही.

"तक्रारी किती होत्या सांगू? काचेपलीकडचं ऐकू येत नाही, पंख्यानं डोकं उठतं. गेल्या वर्षी नवी यंत्रणा बसवली आणि पंख्याची एक तक्रार नाही!"

"अरे वा. पंखा दुरुस्त केलात?"

"पंख्याला हातसुद्धा लावला नाही," परीक्षक अभिमानानं म्हणाले.

"आणि धारवाल्यांची शीळ? ती कुणी पुसली असेल?"

"अशक्य. हिरवी खूण पडली की फाइलला कुलूप. मलाही तिच्यातला एक श्वास बदलता येत नाही. हवं तर शेजारी नवी जोड लावता येते, कारण दाखवून." ते लेकीकडे वळले, आणि त्यांचा आवाज इस्त्रीतून जरासा सुटला. "मी तीनदा ऐकलं, बाई. कुणीतरी गेलेलं माणूस विचारतंय हे ठाऊक नव्हतं तेव्हा. अर्जाला स्वर लिहून जोडलेत, संगीत शिक्षकाकडून उतरवून घेतलेले. पण कागदावर स्वर असले तरी नोंदीला ध्वनी हवा. नियम आहे."

तो कागद लेकीनं पाहिला होता. शेजारच्या पेटीवर वाजवूनही घेतला होता. सगळे स्वर बरोबर आणि बाबा कुठंच नाही.

*

धाकटा चौकात सापडला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. चाक फिरवत होता, ठिणग्या उडत होत्या. लेकीला पाहताच त्यानं पायडलवरचा पाय काढला.

"ताई."

"मला ताई म्हणू नकोस."

"बरं," तो म्हणाला आणि हातातली कात्री पुसत राहिला.

वहिनीनं विचारलं, "त्या दिवशी कार्यालयात तू काय करत होतास?"

"मीच नेलं त्यांना. स्कूटरवर. उस्तादांना तो जिना चढवत नव्हता. अर्धा जिना हाताला धरून, अर्धा जवळजवळ उचलून. घरी सांगू नकोस म्हणाले. ताई काळजी करतील म्हणून."

 लेकीला फक्त हिरवी खूण सांगितली गेली होती, जिना नाही.

"शीळ घातली त्यांनी?" वहिनीनं विचारलं. "तू ऐकलीस?"

"मागेच उभा होतो. अहो, अख्ख्या हॉलनं ऐकली! रडणारं पोर गप्प झालं. पहिल्यांदा धाप लागली, दुसऱ्यांदा जमली. मग दमलेच. बाईंना विचारलं, ऐकू आलं का. बाईंनी मान हलवली."

"मग आता तू का घालत नाहीस?" लेकीनं विचारलं. "तेव्हा तर त्यांच्याच गल्ल्यांत घालायचास."

धाकट्यानं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "ते गिऱ्हाइकासाठी थोडंच होतं? मी या गल्लीत शिरलोय, तुम्ही पलीकडची घ्या, हे सांगायला घालायचो. ते तिकडून उत्तर द्यायचे. दिवसभर चालायचं आमचं. चढाच्या गल्ल्या मी घ्यायचो." त्यानं कात्री खाली ठेवली. "आता सांगू कुणाला?"

"आणि शीळ चोरीला चाललीय म्हणायचे ते?"

"ती कर्णेवाली गाडी! तिच्यासाठीच तर नोंद. म्हणाले, एकदा कागद हातात आला की ही दोन सायकलींची शीळ, चार चाकांची नाही."

परतताना भावजी हिरमुसले होते. "वहिनी, आता चोरच उरला नाही. बाई म्हणते शीळ घातली, हा म्हणतो घातली, साहेब म्हणतात पुसता येत नाही. मग गेली कुठं? पंख्यानं खाल्ली?"

वहिनी थांबली आणि मोठ्यानं हसली. "भावजी, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं! सुनावणीला यायचं तुम्ही. आणि शीळ घालायची तयारी ठेवा."

*

सुनावणी वरच्या खोलीत होती, पण वहिनीनं सगळ्यांना खाली काउंटरशी आणलं. दुपारची जेवणाची सुट्टी, हॉल रिकामा. पंखा तेवढा आपलं रडगाणं गात होता. काउंटरवरची बाई, परीक्षक, धाकटा, लेक सगळे हजर.

"साहेब, तुम्ही काचेआड बसा. बाईंचे हेडफोन घाला. भावजी, माइकपाशी जा."

भावजींची शीळ म्हणजे उकळत्या किटलीची. त्यांनी जीव ओतून घातली. धाकट्यानं दोन्ही कानांत बोटं घातली.

काचेआड परीक्षक शांतपणे बसून होते. जरा वेळानं त्यांनी मान वर केली. "हं, करा सुरू."

"झालं की!" भावजी ओरडले.

"काय झालं?"

लेकीनं काचेची कड घट्ट धरली.

"लावा, काय भरलं गेलं ते," वहिनी म्हणाली. परीक्षकांनी कळ दाबली. शांतता, मग भावजींचा आवाज: "झालं की!" पडद्यावर हिरवी खूण लखलखत होती.

वहिनी खुर्चीवर टेकली. "मला पहिल्या दिवसापासून शीळ नव्हती सतावत, पंखा सतावत होता. चोरानं शीळ पुसली असती तर शिळेच्या जागी पंखा उरायला हवा होता. तो नव्हता. आणि शेवटच्या वाक्यामागेही नव्हता. म्हणजे पंखा कधी आत शिरलाच नाही. इथं आले तर भावजींच्या टाळ्या बाईंपर्यंत पोचेनात, बाईंचा शिक्का आमच्यापर्यंत पोचेना. बोलणं मात्र लोणी. साहेबांनी पंख्याला हात न लावता पंखा बंद केला होता. तुमचा माइक, साहेब, माणसाचं बोलणं आत घेतो आणि बाकी सगळं गोंगाट समजून दाराबाहेर ठेवतो. पंखा, टाळी, शिक्का..."

"आणि शीळ," परीक्षक हळूच म्हणाले.

"आणि शीळ. कुणी पुसली नाही. ती काचेपलीकडे गेलीच नाही. धारवाल्यांनी शेवटी विचारलं, ऐकू आलं का. ते बोलणं होतं, म्हणून ते तेवढं शिरलं, आणि तेवढ्यावर हिरवी खूण आली. पूर्वीसारखं परत ऐकवलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं. पण रांग हलवायची होती."

"पण बाई चाचरल्या का?" भावजींनी विचारलं.

कुणी बोलायच्या आत बाईच रडू लागली. "मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पडद्यावरून मान वर केली तर ओठांचा चंबू दिसला. वाटलं, धाप लागलीय, फुंकर घालतायत. मग एवढ्या आशेनं विचारलं त्यांनी, ऐकू आलं का... खूण तर आली होती. पुन्हा करा कसं म्हणू? मी हो म्हटलं. खोटंच हो म्हटलं."

 त्या दिवशी बाबा का खुशीत होता ते लेकीला आता कळलं. ती काचेच्या फटीतून हात आत घालून म्हणाली, "बरं केलंत."

परीक्षकांनी हेडफोन काढून सरळ रेषेत ठेवले. मग पुन्हा उचलले, वाकडे ठेवले. "दोष यंत्रणेचा, म्हणजे माझा. अर्जाची तारीख जुनीच राहील. गाडीवाल्यांचा अर्ज मागेच. उद्यापासून भरलेलं प्रत्येकाला परत ऐकवायचं, रांग गेली खड्ड्यात. पण जोड लावायला ध्वनी तर हवा. आणि ते तर..."

"नोंद शिळेची होते की ओठांची?" वहिनीनं विचारलं.

"शिळेची. लिहिलेल्या स्वरांशी जुळली पाहिजे, बस."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरला. "मी नाही. मी बंद केलीय."

"दादा," लेक म्हणाली. हा शब्द तिनं त्याला कधी वापरला नव्हता. "मला ऐकायचीय."

परीक्षकांनी कपाटातून सुधारणेपूर्वीचं जुनं यंत्र आणलं आणि फुंकून धूळ उडवली. भावजींनी स्टुलावर चढून पंखा बंद केला. धाकट्यानं ओठ ओले केले, डोळे मिटले.

खालून वर चढणारी लांब ओढ. श्वासापुरती जागा. दोन ठिपके. आणि उतरणारा तो सूर, पातं टेकल्यासारखा. धाकट्याच्या छातीत जोर जास्त होता, पण ती मधली जागा बाबाचीच होती, अगदी तेवढीच.

लेकीचा हात आपोआप पुढे झाला, कडी काढायला व्हावा तसा.

परीक्षकांनी स्वरांचा कागद खाली ठेवला. "जुळते." मग जरा घुटमळले. "जुनी फाइल काढता येत नाही, बाई. ही शीळ तिच्या आधी लागेल. ते वाक्य कायम मागे राहील. चालेल?"

"राहू द्या."

"परत ऐकवायचं असतं," काउंटरवरची बाई डोळे पुसत म्हणाली आणि तिनं कळ दाबली.

बंद पंख्याखालच्या हॉलभर शीळ पसरली. मग ती कोरी शांतता. ती आता कोरी वाटत नव्हती. आणि मग बाबाचा आवाज, सायकल भिंतीला टेकवतानाचा:

"ऐकू आलं का?"

काचेवरचा माइक अजून चालू होता. लेक त्याच्याकडे वाकली.

"ऐकू आलं, बाबा."

पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"रोज यायचं," ती म्हणाली. "मी त्याचीच वाट बघत असायचे."